सीफारमधलं पुढचं दार

गुरुवार, ५ ऑक्टोबर

आले एकदाची कंबरनॉल्डला, डगीकडे. बसस्टॉपवरून घराकडे येताना भुयारी वाटेत वाऱ्याने टोपी उडवली. ती एका कुत्र्याने पकडून आणून दिली, आणि कुत्र्याच्या मालकाने माझी माफी मागितली. कंबरनॉल्डची माणसं कुत्र्याच्या चांगुलपणाचीसुद्धा माफी मागतात.

डगी स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून उभा. माझा थोरला भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचा, कमरेत नवा सांधा बसवून कालच इस्पितळातून सुटलेला. वाकायचं नाही, अंग पिळायचं नाही, मान वळवून मागे बघायचं तर अख्खा माणूस वळवायचा, असे नियम. त्याचं करायला म्हणून मी डेनिस्टनचं माझं घर बंद करून ग्लासगोहून आले. मला वाटलं, बहिणीला बघून डोळ्यांत पाणीबिणी येईल. म्हणाला, "बिस्किटं कुठली आणलीस?"

दुपारी व्यायाम शिकवणारी पोरगी आली. नवीन असावी, कारण ती पुढच्या दाराशी आली. टपालाच्या फटीतून हाका मारत बसली बिचारी. मी फटीतून तोंड घालून सांगितलं, बाई, अख्खी चाळ वळसा घालून मागे ये.

ज्या साहेबांनी महायुद्धानंतर हे गाव कागदावर आखलं, त्यांनी घरांच्या पुढे पायवाट ठेवली आणि मागे गाड्यांचा रस्ता. माणसं पायवाटेने चालत, फुलं बघत, पुढच्या दाराने घरी येतील असा हिशोब. माणसांनी गाड्या घेतल्या. गाडी मागे उभी राहते, तर माणूस मागूनच आत येणार. तेव्हापासून सगळं सीफार, म्हणजे गावातली ही डगीची वस्ती, स्वयंपाकघरातून घरात शिरतंय, तेही टकटक न करता. पुढच्या दाराशी उभे राहणारे म्हणजे डॉक्टर, पोलीस, पाद्री आणि खिडक्या विकणारे.

पोरगी वळसा घालून आली ती धापा टाकत. म्हणाली, "काका, पुढचं दार मोकळं करा. आग लागली तर?"

डगी म्हणाला, "आगीला सांग, मागून ये."

दाराला टेकून जीनचं शिवणाचं मशीन ठेवलंय, त्यावर कोटांचा ढीग. जीन म्हणजे माझी वहिनी. सात वर्षांपूर्वी तिला त्या दारातून नेलं, त्यानंतर ते उघडलेलं नाही. पोरीला हे कोण सांगणार. मी तिला चहा दिला.

रविवार, ८ ऑक्टोबर

ग्रेगरचा मेसेज. तीनदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. "आत्या, पुढच्या शनिवारी दोनच्या सुमारास येईन म्हणतो. आम्ही महिनाअखेर न्यूझीलंडला चाललोय, कायमचे. बाबांना सांगून ठेव. नको म्हणाले तर तसं कळव."

डगीचा एकुलता एक पोरगा. जीन गेली तेव्हा तो अ‍ॅबरडीनला होता, आणि तिचं दुखणं इतकं वाढलंय हे त्याला कळवलंच नव्हतं. आला तो ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी. स्मशानातून परतल्यावर याच स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या देखत, बापाला म्हणाला, "माझ्या आईला माझ्यापासून लपवून ठेवलंत तुम्ही." डगी एवढंच म्हणाला, "जायचं तर जा." तो गेला. नातीचा जन्मही त्याच आठवड्यातला. ती आता सात वर्षांची झाली आणि आजोबांनी तिला पाहिलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही कळवलं नव्हतं. चिमण्यांनासुद्धा हवामान सांगत बसणारा माझा भाऊ तेव्हा गप्प का राहिला, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. विचारलं की खिडकीबाहेर बघतो.

जेवताना सांगितलं त्याला. बटाटा कुस्करत राहिला. मग म्हणाला, "रस्ता सरकारी आहे. कोणीही येऊ शकतो."

मी ग्रेगरला लिहिलं, ये.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

डगीला काहीच पडलेली नाही. तसं तो स्वतःच रोज दोनदा सांगतो.

आज शेजारच्या टॅमला बोलावून केस कापून घेतले. टॅम सगळ्यांचेच कापतो आणि सगळे सारखेच दिसतात. विचारलं तर म्हणे, व्यायामवाल्या पोरीला बरं वाटावं म्हणून. मग कपाटातून निळा टाय काढायला लावला. "गळ्याला गारठा लागतो." गोळ्यांचा परिणाम असेल, आज दाढीही दोनदा केली.

संध्याकाळी एकदम म्हणाला, "तो अजून चहात साखर घेतो का गं?"

"मला काय ठाऊक? सात वर्षांत मी काय त्याच्या चहात बोट घालून बघितलंय?"

"साखर आण थोडी. माझ्यासाठी."

हा माणूस जन्मात साखर घेत नाही. टॅम उद्या सकाळी लेकीकडे, तासाभरावरच्या पर्थला चाललाय, सोमवारी रात्री येणार. त्याच्याच गाडीतून दुकानात जाऊन साखर आणली.

शनिवार, १४ ऑक्टोबर

नाही आला.

सकाळी मनुकांचं डम्पलिंग फडक्यात बांधून उकडलं, जीन करायची तसं. डगी बारापासूनच टाय लावून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, तोंड खिडकीकडे, म्हणजे मागच्या गाड्यांकडे. कोणतीही गाडी वळली की वॉकरकडे हात. लाल गाडी आली, ती टॅमच्या पलीकडच्यांची. पांढरी आली, तिच्यातून गादी उतरली. गावाबाहेरच्यांना तिथे जागा कुठे मिळते, लोक खाली चौकात गाडी लावून चालत येतात.

मध्येच पुढच्या दारावर ठकठक झाली. मी उठायला लागले तर डगी म्हणाला, "बस खाली. वाजू दे, कंटाळून जाईल आपोआप. शनिवारी खिडक्यांवाले फिरतात. एकदा बोललं की तासभर सोडत नाहीत." परत ठकठक झाली. तो म्हणाला, "रेडिओ मोठा कर जरा." मी केला. फुटबॉल चालू होतं. थोड्या वेळाने परत एकदा झाली, मग थांबली. चिवट असतात मेले.

पाच वाजले, सहा वाजले. डम्पलिंगचा एक तुकडा मी कापून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो तसाच सरकवला आणि टाय सोडायला लागला. गाठ सुटेना. मी सोडवली, त्याच्या तोंडाकडे न बघता.

एवढं उलट्या काळजाचं पोर आमच्या घरात निपजेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, १५ ऑक्टोबर

ग्रेगरला सणसणीत मेसेज केला. लिहिलं, तुझा बाप टाय लावून दुपारभर खिडकीशी बसला होता, तुला लाज वाटायला हवी. पाठवायच्या आधी टाय-बिय खोडून टाकलं, उगाच त्याला तेवढाही मोठेपणा कशाला. नुसतं "लाज वाटायला हवी" एवढं पाठवलं.

उत्तर आलं, "बाबांना सांग, उत्तर मिळालं."

कसलं उत्तर? याला कुणी काय विचारलं होतं? वर हा शहाणपणा. डगीला दाखवलं नाही. आधीच तो रात्रीपासून एक शब्द बोललेला नाही.

वरच्या खोलीच्या खिडकीतून पायवाटेपलीकडची घरं दिसतात. अकरा वाजून गेले तरी समोरच्या ओळीतले सगळे पडदे ओढलेले. इतकं लख्ख ऊन क्वचित पडतं इथे आणि ही माणसं उठायला तयार नाहीत.

सोमवार, १६ ऑक्टोबर

शेजाऱ्यांना मी उगाच नावं ठेवते. आज समोरच्या ओळीतली आयना मॅगार्वी मागच्या दाराशी आली, मांसाचं सारण भरून भाजलेलं भलंमोठं स्टेक-पाय घेऊन, वरचा पापुद्रा अजून गरम. तीनचार वर्षांपूर्वीच इथे राहायला आली, तरी किती जीव लावते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "फार वाईट वाटलं हो."

मी म्हटलं, "आता बरंय. रात्री तळमळत होता, आत्ता शांत पडलाय. या ना आत, बघून जा."

"नको नको," म्हणाली आणि डोळे पुसत गेली. कमरेच्या सांध्यासाठी एवढं रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

दुपारी आणखी एक स्टेक-पाय आलं. संध्याकाळी मसुरीचं सूप आणि हॅमच्या सँडविचचं ताट. आमच्याकडे स्टेक-पाय मयताच्या जेवणाला देतात किंवा नव्या वर्षाला. कंबरनॉल्डमध्ये ऑपरेशनलाही देत असतील. डगी दोन घास खाऊन म्हणाला, "आयनाच्या हाताला चव आहे." शनिवारनंतर बोललेलं हे पहिलं वाक्य, म्हणून मीही आयनाला दुवा दिला.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आजचं कुठून लिहू.

सकाळी डगी टेबलाशी उरलेलं स्टेक-पाय खात होता. मागचं दार उघडून टॅम आत आला. काळा सूट, काळा टाय, हातात टोपी. डगीला बघून तसाच भिंतीला टेकला. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

डगी म्हणाला, "कोण गेलं?"

टॅमने टोपी टेबलावर ठेवली. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तू."

"मी?"

"काल रात्री आलो तर आयनाने सांगितलं. मी अख्खी रात्र झोपलो नाही, लेका. आपल्या बोलिंग क्लबचा झेंडा अर्ध्यावर उतरवलाय सकाळी. आणि तू इथे तुझ्याच मयताचं स्टेक-पाय खातोयस."

मी हसायला लागले ती थांबेना. डगीसुद्धा हसला, कमर धरून. "आयनाला कुणी सांगितलं मी मेलो म्हणून?"

"पुढच्या दाराशी अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस उभा होता ना शनिवारी. आणि फुलं. तुझ्या पायरीवर फुलांचा ढीग पडलाय, बघितलास तरी का? अख्ख्या ओळीने पडदे ओढलेत तुझ्यासाठी, मयत झालं की ओढतात तसे."

डगीचं हसू थांबलं. मला मात्र अजून पडद्यांचं हसू येत होतं, इतकी मी मठ्ठ.

"आयनाला बोलाव," डगी म्हणाला.

आयना आली, डगीला बघून आधी मटकन बसली, मग रागावली, मग रडली. "जिवंत असायचं तर दार नाही का उघडायचं माणसाने," म्हणाली. डगीने तिला सगळं म्हणू दिलं. मग हळूच विचारलं, "कसा होता दिसायला?"

"उंच. काळा लांब कोट. मान खाली. हातात पांढरी फुलं. डॉक्टर नाही, पोलीस नाही, मग त्या दाराशी काळा कोट घालून दुसरं कोण येणार? ठोठावलं त्याने. थांबला. मग परत ठोठावलं. जायला निघाला, वाटेच्या टोकापर्यंत गेला आणि मागे आला. शेवटी दारावर नुसता हात ठेवून उभा राहिला थोडा वेळ. मला वाटलं, किती मायाळू माणूस ठेवलाय कंपनीने, परक्याच्या मयताला इतकं. मग फुलं ठेवून गेला. मी पडदा ओढला."

डगीने हातातला काटा ताटात ठेवला.

"तो आला होता, विल्मा," म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'वाजू दे, कंटाळून जाईल आपोआप.' रेडिओ मोठा करणारा हात माझा होता. मी फोन आणला आणि त्याला ते 'उत्तर मिळालं' दाखवलं.

टॅमने पायरीवरची फुलं वळसा घालून मागून आणली. इतरांच्या जुड्यांवर कार्डं होती. एका पांढऱ्या जुडीवर काही नव्हतं. डगीने तीच उचलली आणि इतका वेळ धरून बसला की मी टॅमला आणि आयनाला खुणेने बाहेर काढलं.

"पुढून का आला?" तो मला विचारत होता, जसं काही मला माहीत असणार. "याच घरात वाढला. त्या दाराने आपल्यातलं कुणी येत नाही."

मग तो आपणहून जीनबद्दल बोलायला लागला.

ग्रेगरच्या बायकोचं आधीचं एक बाळ गेलं होतं. या खेपेला तिला महिनाभर इस्पितळात पाठीवर झोपवून ठेवलेलं, आणि ग्रेगर तिच्या उशाशी. जीन म्हणाली, मी त्याला आत्ता बोलावलं तर तो तिला सोडून येईल, आणि तिकडे काही झालं तर? बाळ होऊ दे, मग कळव. डगीकडून वचन घेतलं. विल्मालाही नाही सांगायचं, म्हणाली, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाळ झालं त्याच्या दोन दिवस आधी ती गेली.

"मग हे तू त्याला सांगितलं का नाहीस? सात वर्षं, डगी."

"काय सांगू? तुझ्या पोरीपायी तुला तुझी आई शेवटची भेटली नाही? दर वाढदिवसाला ते लेकरू मेणबत्त्या विझवणार आणि हा तेच आठवत बसणार. तिचा काय दोष? माझ्यावर चिडलाय ना, चिडू दे. मी सोसतो." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि तू तोंड उघडलंस तर बघ."

जीनने माझ्याबद्दल जे म्हटलं ते मला लागलं. पण खोटं नाही.

बुधवार, १८ ऑक्टोबर

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा ग्रेगरने उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं: कमरेचे नियम, खिडक्यांवाले, फुटबॉल, पडदे, स्टेक-पाय. वचनाचं सोडून.

"ऐकतोयस ना?"

"मी आतला आवाज ऐकला, आत्या. बाबा म्हणाले, 'वाजू दे, कंटाळून जाईल.' मग रेडिओ मोठा झाला."

"अरे, ते खिडक्यांवाल्यांना होतं."

"हं."

"पण तू पुढून का गेलास, शहाण्या? आम्ही दोघं मागे वाट बघत बसलेलो. तुला काय घर माहीत नाही?"

"त्या मागच्या दारावर आम्ही कधी टकटक केलीय का?" तो म्हणाला. "नुसतं ढकलून आत शिरायचं, असं ते दार. सात वर्षं तोंड न दाखवता मी कुठल्या तोंडाने शिरणार होतो? आणि टकटक करावी, तर आपल्याच स्वयंपाकघराच्या दारावर परक्यासारखी टकटक... नाही जमलं ते. परकं म्हणूनच जायचं तर परक्यांच्या दाराने गेलो."

मला रडू आलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, शुक्रवारी ये आणि सरळ मागून शीर, आणि टकटक केलीस तर मी लाटणं घालीन डोक्यात.

"सामान बांधायचंय. बघतो," म्हणाला. येतो म्हणाला नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

सकाळी डगीने फर्मान काढलं, पुढचं दार उघडा.

"मी त्याला मागून यायला सांगितलंय."

"तुझ्या सांगण्याने गेल्या खेपेला काय झालं ते बघितलं. तो त्या दाराशी उभा राहून गेलाय. आता त्या दारात मी असणार."

टॅमने कोट उचलले, मशीन सरकवलं. दार रंगाने चिकटलेलं. टॅमने खांदा लावला, मी लाथ मारली, ते उघडलं आणि वारा सरळ घरात शिरला. डगीने उंच खुर्ची दाराच्या तोंडाशी ठेवायला लावली आणि ओव्हरकोट, मफलर घालून पायवाटेकडे तोंड करून बसला. दारामागचा बोळ एवढा अरुंद की खुर्चीच्या बाजूने मांजरसुद्धा जाणार नाही. समोर आयना एकच खिडकी पुन्हा पुन्हा पुसत होती. ओळीतले सगळे पडदे उघडे.

बारा वाजले. मी त्याच्या पाठीमागे घोंगडी घेऊन उभी. एक वाजला. त्याचं नाक लाल झालेलं. "आत चल," म्हटलं तर उत्तर नाही. मी मनात ग्रेगरला शिव्या देत होते, आणि देवाला सांगत होते की त्या शिव्या मनावर घेऊ नको.

दोननंतर कधीतरी माझ्या पाठीवर एकदम गार झोत आला. मागचं दार उघडलं होतं. टकटक न करता.

मी वळून बघितलं. स्वयंपाकघरात ग्रेगर उभा, त्याच काळ्या कोटात, कानशिलं पांढरी झालेली. त्याला बोळाच्या टोकाशी बापाची पाठ दिसत होती, आणि टॅमने कापलेली मान. डगीला वळता येत नव्हतं. पण वारा त्यालाही लागला असणार, कारण त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले.

"ग्रेगर?" तो पायवाटेकडे बघतच म्हणाला.

ग्रेगर दोन पावलं बोळात आला. पुढे मी, माझ्यापुढे खुर्ची. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि वळून आला तसा बाहेर गेला. दार लागल्याचा आवाज आला. घरातला वारा पडला.

डगीची मान खाली गेली. "गेला," म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यात मी कधी गप्प बसले नसेन तशी गप्प बसले. समोर आयनाचं फडकं काचेवर थांबलेलं. आणि मग तिने डावीकडे बघितलं, ओळीच्या टोकाकडे.

पायवाटेवर बुटांचा आवाज. ग्रेगर अख्ख्या चाळीला वळसा घालून पळत येत होता, कोट उडतोय, धाप लागलेली, ऐन चाळिशीतला बाप्या शाळेला उशीर झाल्यासारखा. तो येऊन डगीच्या समोर उभा राहिला, शनिवारी उभा होता तिथेच, आणि पायरीवर बसला.

"मागून यायला नको होतं," तो म्हणाला. "तुम्हाला वळता येत नाही."

"हो ना," डगी म्हणाला. "अंग पिळायचं नाही."

मग ग्रेगरने विचारलं. सात वर्षं गिळलेला प्रश्न, पण अगदी हळू विचारला. "का नाही कळवलंत, बाबा?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"घाबरलो होतो रे," डगी म्हणाला. "तुला बोलावलं म्हणजे ती खरंच जाणार, असं वाटायचं. आज नको, उद्या बोलावू, करत गेलो. चुकलं माझं."

ग्रेगरने बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं आणि रडला. डगी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला, आणि मी पाठीमागे उभी. डगीने सांगितलं ते खरं नाही, हे मला माहीत होतं. तरी त्याच्या आवाजावरून ते खोटं असं शपथेवर सांगता आलं नसतं.

जरा वेळाने ग्रेगरने तोंड पुसलं. "आमची लेक एली गाडीत आहे, खाली चौकात. म्हणाली, आधी तुम्ही दोघं रागावून घ्या, मग मला बोलवा."

"मग बोलव," डगी म्हणाला. "झालं म्हणावं रागावून."

तो धावत गेला आणि तिचा हात धरून आला. लाल टोपी, एक दात पडलेला. ती पायरीशी थांबली. आजोबांना नीट न्याहाळलं, मग ओव्हरकोट, मग मफलर.

"तुम्ही बाहेर का बसलात?" तिने विचारलं.

"तुझी वाट बघत होतो."

"कधीपासून?"

डगीने माझ्याकडे वळायचा प्रयत्न केला, पण वळता आलं नाही. मी चहा टाकायला आत निघून गेले. तिथे आणखी क्षणभर उभी राहिले असते, तर जीनला दिलेल्या वचनासकट ते उत्तर माझ्याच तोंडून निसटलं असतं.